मासा विकला जाईपर्यंत

पुण्या-मुंबईत शोभिवंत माशांचं एखादं दुकान बंद पडलं की कारण लगेच सांगितलं जातं: भाडं परवडेना. ते खोटं नाही. या धंद्याला जागा फार लागते आणि त्या जागेतून पैसा थोडा निघतो. एका दोन फुटी टाकीला जेवढी भिंत लागते तेवढ्याच भिंतीवर मोबाइलची कव्हरं आणि इअरफोन टांगणारा कितीतरी अधिक कमावतो. गाळ्याच्या मालकाला ते कळतं. अकरा महिन्यांचा करार संपला की तो नवा आकडा सांगतो आणि टाक्या बाहेर पडतात.

मग अकोल्यात आणि अमरावतीत काय होतं? इथल्या गाळ्याचं भाडं पुण्याच्या भाड्यापुढे किरकोळ. स्पर्धाही फार नाही. अख्ख्या शहरात नीट म्हणावीत अशी दुकानं बोटांवर मोजण्याइतकी. तरी इथेही हौशी पोरगा दुकान टाकतो, वर्ष-दोन वर्षं निळ्या उजेडात टाक्या छान दिसतात, मग हळूहळू काही टाक्या कोरड्या पडतात, त्यांत कुत्र्यांच्या खाद्याची पाकिटं रचली जातात, आणि एके दिवशी शटर उघडत नाही. भाडं हेच एकमेव कारण असतं तर वऱ्हाड या दुकानांचं माहेर व्हायला हवं होतं.

कारण शोधायचं तर मासा नावाचा माल आधी समजून घ्यावा लागतो. कापडाचा तागा कपाटात पडून राहिला तर भांडवल अडकतं, एवढंच. मासा पडून राहिला तर तो रोज खातो, रोज घाण करतो, त्याच्यासाठी रोज वीज जळते, आणि सातव्या दिवशी मेला तर आधीचा सगळा खर्च घेऊन जातो. म्हणून या धंद्याचा हिशेब नगांवर न मांडता दिवसांवर मांडलेला बरा. आलेला मासा किती दिवसांत विकला जातो, आणि तो जाईपर्यंतचा एकेक दिवस केवढ्याला पडतो? महाग शहरात दिवस महाग असतो, कारण त्यात भाडं असतं. वऱ्हाडात दिवस स्वस्त असतो, पण दिवस फार लागतात. आणि त्यातल्या प्रत्येक दिवसात इथलं पाणी आणि इथलं ऊन असतं.

आधी माल येतो कुठून ते पाहू. अकोल्याच्या दुकानातला गोल्डफिश किंवा मोली बहुधा अकोल्याचा नसतो. गोड्या पाण्यातल्या शोभिवंत माशांची देशातली पैदास मुख्यतः दोन ठिकाणी एकवटली आहे. एक, कोलकात्याच्या आसपास, हावडा आणि दोन्ही चोवीस परगण्यांत. तिथल्या गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी पाळीव प्राण्यांचा आणि माशांचा जुना बाजार भरतो. दुसरं ठिकाण म्हणजे चेन्नईचा कोळत्तूर भाग. यांशिवाय मुंबईचे कुर्ला आणि क्रॉफर्ड मार्केट, नागपूरचे घाऊक व्यापारी, असे मधले थांबे. हावडा-मुंबई मुख्य लोहमार्ग बडनेरा आणि अकोला या दोन्ही स्थानकांवरून जातो, हे वऱ्हाडाचं नशीब. अमरावती शहर मात्र या मार्गावर नाही. तिथल्या दुकानदाराला बडनेऱ्याला जाऊन खोकं सोडवून आणावं लागतं. हावड्याहून अकोला जवळपास चौदाशे किलोमीटर. पॅकिंग, स्थानकावरचा मुक्काम आणि गाडीचा उशीर धरला तर मासा पिशवीत दीड-दोन दिवस काढतो.

ही पिशवी कशी भरतात ते पाहण्यासारखं आहे. पाठवण्याआधी मासे एक-दोन दिवस उपाशी ठेवतात. पिशवीत साधारण एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन. तोंडाला रबर, पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात, खोक्यावर चिकटपट्टी. उपाशी ठेवण्याचं कारण अमोनिया. मासा खाल्लेल्या प्रथिनांतला नको असलेला नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपानं पाण्यात सोडतो. बंद पिशवीत तो साचत जातो. पण त्याच पिशवीत माशाच्या श्वासातून निघालेला कार्बन डायऑक्साइडही साचतो, त्यामुळे पाणी थोडं आम्लाकडे झुकतं, आणि आम्ल पाण्यात अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी रूपात राहतो. म्हणजे पिशवी बंद आहे तोवर माशाची घाणच त्याला घाणीपासून सांभाळते. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाण्याचा पीएच चढतो, आणि दीड दिवस निपचित पडलेला अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो. जाणता दुकानदार बंद पिशवी टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवतो, पण एकदा पिशवी फोडली की रेंगाळत नाही. मासे जाळीनं उचलून टाकीत, पिशवीतलं पाणी मोरीत. नवशिक्या दुकानदार नेमका इथे कौतुकानं वेळ घालवतो आणि दुसऱ्या दिवशी जाळीभर मेलेले मासे काढतो.

हे झालं कुठल्याही गावचं. वऱ्हाडची खरी गोष्ट पुढे सुरू होते, टाकीत भरलेल्या पाण्यापासून.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांचा मिळून सुमारे पावणेपाच हजार चौरस किलोमीटरचा पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या तालुक्यांत बोअर मारली तर खारं पाणी लागण्याचीच भीती जास्त. पिण्यासाठी गावंच्या गावं लांबून आणलेल्या पाण्यावर अवलंबून असतात. अकोला शहराला महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी मिळतं, अमरावतीला मोर्शी तालुक्यातल्या सिंभोरा इथल्या अप्पर वर्धा धरणाचं. धरणाचं पाणी माशांना बरं मानवतं. पण ते नळाला रोज येत नाही. दिवसाआड, कधी त्याहूनही मोठ्या अंतरानं येतं, आणि वीस टाक्यांचं दुकान पाणी बदलण्यासाठी घराच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त पाणी मागतं. मग बोअरचं पाणी टाकीत जातं.

बोअरचं पाणी बहुधा जड असतं आणि पीएच ८ च्या आसपास किंवा वर. याचा अर्थ आकड्यांत असा: २५ अंश तापमानाला आणि पीएच ७ असलेल्या पाण्यात एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या पुढे जातो. पाणी ३० अंशांवर गेलं की सात-साडेसात टक्के. म्हणजे मासे तेवढेच, खाद्य तेवढंच, घाण तेवढीच. पण मऊ पाण्याच्या शहरात जी घाण मासा सोसतो तीच इथे दहापट किंवा त्याहून जास्त जहरी ठरते. मऊ पाण्याच्या गावाहून आलेला व्यापारी "आमच्याकडे तर याच टाकीत दुप्पट मासे राहतात" असं म्हणतो तेव्हा तो थापा मारत नसतो.

पाणी माशांची निवडही ठरवतं. मोली मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेचा, किनाऱ्यालगतच्या मचूळ पाण्यातही राहणारा. खारपाणपट्ट्याचं पाणी त्याला चालतं, किंबहुना मानवतं. गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल यांनाही जड पाणी आवडतं. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे रंगीत सिक्लिड तर अशाच क्षारयुक्त पाण्यातले. उलट निऑन टेट्रा, कार्डिनल टेट्रा, डिस्कस हे अॅमेझॉनच्या मऊ, आंबटसर पाण्यातले. गिऱ्हाईक मोबाइलवर हिरव्यागार झाडांची टाकी आणि तीतून फिरणारा निऑनचा थवा पाहून आलेलं असतं. त्याला नेमके तेच हवेत. दुकानदार ते आणतो, बोअरच्या पाण्यात ठेवतो आणि मग दर दिवशी दोन-चार कमी होत जातात. ज्यांना हे उमगलंय ते आरओच्या पाण्याचे वीस लिटरचे कॅन विकत घेऊन त्यात थोडं बोअरचं पाणी मिसळतात. नुसतं आरओचं पाणीही चालत नाही. त्यात काहीच नसतं, पीएच कधी कुठे घसरेल याचा नेम राहत नाही. पण माणसांसाठी विकत घ्यायचं पाणी माशांसाठीही विकत घ्यायचं म्हटल्यावर दिवसाचा खर्च वाढला.

आणि मग उन्हाळा. अकोल्याचं नाव देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत दर एप्रिल-मेमध्ये येतंच; पारा ४५ च्या पुढे जाणं इथे बातमी नाही. माशाला उष्णतेचा त्रास दोन बाजूंनी होतो. पाणी जसं तापतं तसा त्यात विरघळणारा ऑक्सिजन कमी होतो: २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, ३५ ला जेमतेम सात. आणि नेमकं त्याच वेळी माशाच्या शरीराचा व्यवहार वेगानं चालतो, त्याला ऑक्सिजन जास्त लागतो. गोल्डफिश तर थंड पाण्याचा मासा. वऱ्हाडातला मे महिना त्याच्या कल्पनेत बसत नाही. दुकानांत टाक्यांना हवा देण्यासाठी बहुधा एकच ब्लोअर असतो, त्याच्या पीव्हीसी पाइपातून प्रत्येक टाकीला बारीक नळी. स्वस्त आणि सोपी व्यवस्था. पण रोहिणीच्या आधीच्या वादळात तारा तुटल्या आणि इन्व्हर्टर दमला की सगळ्या टाक्यांची हवा एकदम बंद होते. रात्री दुकानात कुणी नसतं.

पाणी थंड ठेवायला इथे एक साधा उपाय चालतो. टाकीचं झाकण काढायचं आणि पाण्यावर पंखा सोडायचा. मेमध्ये वऱ्हाडची हवा इतकी कोरडी असते की बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. घराघरांतल्या कूलरमागचं तत्त्व हेच. पण त्याची किंमत आहे. दोन बाय एक बाय एक फुटांच्या टाकीत ५६ लिटर पाणी मावतं. त्यातलं रोज लिटर-सव्वा लिटर उडून जातं. उडतं ते पाणी. क्षार मागे राहतात. वरून भर घालायची ती बोअरच्याच पाण्याची, म्हणजे नवे क्षार. महिनाभर असंच चाललं आणि पाणी बदललं नाही तर टाकीतल्या क्षारांचं प्रमाण दीडपटीच्या पुढे जातं. काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरी पुटं चढतात ती याचीच. घरोघरी लोक मात्र निर्धास्त असतात, "मी रोज पाणी टाकतो की" म्हणत. टाकतात खरे, काढत नाहीत.

गच्चीवरच्या टाकीची तऱ्हा वेगळी. साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं, हा अनियमित नळाचा एक न मागितलेला फायदा. पण मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडून पाहा. त्या पाण्यानं अंघोळ करता येत नाही, मासा काय जगणार? म्हणून जुने दुकानदार पाणी बदलायचं काम पहाटे करतात.

मेमध्ये रेल्वेच्या पार्सल डब्यातून माल मागवणं म्हणजे अर्धा माल गमावण्याची तयारी ठेवणं. म्हणून जाणते दुकानदार त्या दिवसांत मागणी आखडती घेतात. आणि शाळांना सुट्टी लागलेली असते नेमकी तेव्हाच. पोरं बापाचा हात धरून दुकानात येतात तेव्हा टाक्या अर्ध्या रिकाम्या असतात.

आता हिशेब मांडू. आकडे मी धरलेले आहेत, कुठल्याही एका दुकानाचे नाहीत. पण धंद्यातल्या कुणालाही ते परके वाटू नयेत. समजा शंभर मोली मागवले आणि भाड्यासकट एक १२ रुपयांना पडला. १,२०० रुपये गेले. प्रवासात आणि पहिल्या आठवड्यात वीस मेले. उरले ऐंशी, म्हणजे आता एकाची किंमत १५ रुपये झाली. विक्री ३० ला. सगळे गेले तर २,४०० आले, वरचे १,२०० राहिले. शंभर टक्के नफा, असं गिऱ्हाइकाला वाटतं आणि सुरुवातीला दुकानदारालाही. पण ते ऐंशी मासे जायला अकोल्यात सहा आठवडे लागतात असं धरा. म्हणजे त्या टाकीनं आठवड्याला २०० रुपये दिले. अशा वीस टाक्या असतील तर आठवड्याला ४,०००, महिन्याला सोळा-सतरा हजार. यातून गाळ्याचं भाडं, व्यापारी दराची वीज, खाद्य, औषध, पाणी, मदतीचा पोरगा. नंतरच्या आठवड्यांत मरणारे मासे तर मी धरलेलेच नाहीत.

हेच ऐंशी मोली पुण्यात पंधरा दिवसांत गेले तर एक टाकी आठवड्याला ६०० देते, वीस टाक्या महिन्याला पन्नास हजारांच्या आसपास. दिसायला तिप्पट. पण वीस टाक्या, त्यांचे लोखंडी रॅक, पाणी साठवायची जागा आणि गिऱ्हाइकाला उभं राहायला वाट एवढं सगळं मावेल असा गाळा चांगल्या रस्त्यावर घ्यायचा म्हटला तर त्या पन्नासातला मोठा हिस्सा पहिल्याच तारखेला जातो. एकूण काय, दोन्हीकडे नुसत्या माशांवर दुकान चालत नाही. एकीकडे जागा खाते, दुसरीकडे वेळ खातो.

मग दुकानं इतकी वर्षं चालली कशी? माशांशेजारी लटकणाऱ्या वस्तूंवर. खाद्याचे डबे, फिल्टर, एअर पंप, दिवे, हीटर, रंगीत खडे, मागे लावायचं चित्र, मिथिलिन ब्लूची बाटली. हा माल खात नाही, मरत नाही, उन्हाळ्यात सुकत नाही. मासा गिऱ्हाइकाला दुकानात आणायचा आणि डबा नफा द्यायचा, अशी ही जोडी होती. इंटरनेटवरच्या विक्रीनं नेमका डबाच उचलून नेला. ज्या फिल्टरची किंमत अकोल्याच्या दुकानदाराला नागपूरहून घाऊकात पडते, जवळपास त्याच किमतीत तो गिऱ्हाइकाच्या दारात येतो. लोक दुकानात येऊन फिल्टर हातात घेतात, तो किती लिटरच्या टाकीला चालेल ते विचारून घेतात, मॉडेलचा फोटो काढतात आणि घरी जाऊन मागवतात. यात त्यांना काही गैर वाटत नाही, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? दुकानदाराच्या पदरात उरतो तो खाणारा, घाण करणारा, मरणारा माल. २०२० च्या मार्चअखेरीस रेल्वे थांबल्या आणि दुकानांना कुलपं लागली तेव्हा कपड्याच्या दुकानदाराचा माल निदान जागेवर होता. माशांच्या दुकानदाराला बंद शटरच्या आत रोज खाद्य घालायचं होतं.

सर्वांत मोठं नुकसान मात्र कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही. ते म्हणजे पहिल्याच महिन्यात हौस सोडून देणारं गिऱ्हाईक.

नवं घर झालं, कुणीतरी सांगितलं की ईशान्येला मत्स्यालय ठेवा, आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवा. माणूस रविवारी येतो, टाकी घेतो, पंप घेतो, नऊ मासे घेतो, संध्याकाळी सगळं मांडून फोटो काढतो. पुढच्या रविवारी तो परत येतो.

"काहून मरून राह्यले हो भाऊ मासे? सहा गेले."

"पानी कधी बदललं?"

"रोज बदलतो ना! परवा तर टाकी घासून काढली, ते स्पंज बी साबनानं धुतलं."

इथे काय घडलं ते समजावून सांगणं हे दुकानदाराचं खरं काम, आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. माशांनी सोडलेल्या अमोनियाचं काही जिवाणू नायट्राइटमध्ये रूपांतर करतात, नायट्राइटही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे बऱ्याच प्रमाणात मासा सोसू शकतो आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते खड्यांवर, काचेवर आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. नव्या टाकीत ते नसतातच. नुसतं दूध तापवून ठेवल्यानं दही लागत नाही, विरजण लागतं आणि वेळही लागतो, टाकीचंही तसंच. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. त्या काळात मासे अगदी थोडे ठेवायचे, खाद्य चिमूटभर, पाणी थोडं थोडं बदलायचं. जुन्या टाकीतला मळका स्पंज नव्या टाकीत आणून ठेवला तर काम लवकर होतं. आणि स्पंज साबणानं धुतला की झालेली सगळी वस्ती मोरीतून वाहून जाते, टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. वऱ्हाडच्या क्षारी, तापलेल्या पाण्यात हा पहिला महिना अधिक घातक ठरतो, कारण वर सांगितलं तसं इथे अमोनियाचा मोठा भाग विषारी रूपात असतो.

दुकानदाराला हे माहीत असेल तर त्याच्यापुढे पेच पडतो. "आज फक्त टाकी न्या, फिल्टर चालू ठेवा, मासे आठवड्याभरानं दोनच न्या" असं तो म्हणाला तर गिऱ्हाइकाचं तोंड उतरतं. सोबतचं पोरगं रडायला लागतं. बाजूच्या चौकातला दुसरा दुकानदार सगळं आत्ताच द्यायला तयार असतो. नऊ मासे विकले तर आजचा गल्ला भरतो आणि तीन महिन्यांनी ती टाकी गच्चीवर तुळशीच्या कुंडीशेजारी पालथी पडते. मग त्या घरातून खाद्याचा डबा नाही, औषध नाही, नवा मासा नाही. मुंबईसारख्या शहरात एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येतं. तिथे लोकच इतके आहेत की धंदा या गळतीवरही काही काळ चालतो. अमरावतीत हौशी माणसांची संख्या मुळातच मर्यादित. इथे दरवर्षी पन्नास घरं हौस सोडत असतील तर काही वर्षांत दुकानाला ओळखीचं गिऱ्हाईकच राहत नाही. माझ्या मते वऱ्हाडातली दुकानं भाड्यानं किंवा ऑनलाइननं जेवढी बंद पडली असतील तेवढीच या घाईनंही पडली असावीत.

स्वस्त माशाची बाजू तर सरकारनंच सांभाळली आहे. डासांच्या अळ्या खातात म्हणून हिवताप विभाग आणि पालिकांचा आरोग्य विभाग गप्पी मासे फुकट देतात. नांदीत, हौदात, डबक्यात ते सोडले जातात. रंगानं साधे असले तरी पोराला मासा हवा असेल तर बरणीत तेवढा पुरतो. दुकानात येणारी दुसरी हमखास मागणी कासवाची. देशी कासव विकणं आणि पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, हे सांगून दुकानदार थकतात. २०१७ च्या मे महिन्यात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं माशांच्या दुकानांसाठी म्हणून कडक नियम काढले होते. त्यांत दीडशेहून अधिक जातींवर बंदी होती, गोल वाडग्यात मासे ठेवायला मनाई होती. वाडग्याबद्दल ते बरोबरच होते. पुढे ते नियम मागे घेतले गेले, पण तोवर छोट्या दुकानदारांची झोप उडालीच.

तरीही काही दुकानं टिकून आहेत, आणि ती काय करतात ते पाहिलं तर धंद्याचा सांगाडा स्पष्ट दिसतो. ती टाक्या स्वतः बनवतात. तीन बाय सव्वा बाय दीड फुटांच्या टाकीत १५९ लिटर पाणी, म्हणजे काचेशिवायच दीडशे किलोंहून जास्त वजन. अशी टाकी कुरिअरनं येत नाही. काच कुठल्या जाडीची, सिलिकॉन किती, ते सुकायला किती वेळ द्यायचा, लोखंडी स्टँड भिंतीला कसा जुळवायचा, फरशी एका बाजूला उतरती असेल तर खाली काय घालायचं, हे माणसानं घरी येऊनच करावं लागतं. दुसरं म्हणजे महिन्याची देखभाल. दातांचे दवाखाने, बालरुग्णालयं, हॉटेलांचे काउंटर, बँकेच्या शाखा; जिथे टाकी शोभेसाठी आहे आणि ती धुवायला कुणाला वेळ नाही. ठरावीक रक्कम, ठरावीक दिवस, बादली आणि नळी घेऊन जायचं, पाणी बदलायचं, मेलेला मासा गुपचूप काढून तसाच दुसरा सोडायचा. या कामात मासा विकायची वाट पाहावी लागत नाही, ऊन असो की खारं पाणी, महिन्याचे पैसे येतात. फक्त त्या वेळात दुकानात बायको किंवा भाऊ बसलेला असावा लागतो. म्हणून टिकलेली दुकानं बहुतेक घरची असतात आणि गाळा शक्यतो स्वतःचा.

तिसरी वाट आहे ती मासा इथेच वाढवण्याची. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत माशांच्या संगोपनासाठी घरामागच्या छोट्या युनिटला ३ लाख, मध्यमला ८ लाख आणि पैदाशीसह एकात्मिक युनिटला २५ लाख असा खर्च धरला होता. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के अनुदान. नागपूरच्या तेलंगखेडीत मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. आणि खारपाणपट्ट्यातलं जे पाणी निऑनला मारतं, तेच मोली, गप्पी, प्लॅटीला मानवतं. हे मासे अंडी न घालता थेट पिल्लं देतात, साधारण महिन्याला एक वीण, तीही डझनांनी. सिमेंटच्या चार टाक्या, वर हिरवी जाळी, एवढ्यावर दर्यापूर किंवा अकोटचा एखादा माणूस अकोल्याच्या दुकानाला मोली पुरवू शकतो, आणि तो मोली पहिल्या दिवसापासून याच पाण्याचा असल्यामुळे वरच्या हिशेबातले पहिल्या आठवड्याचे वीस मरत नाहीत.

अडचण खोक्याची आहे. दुकानदाराला मोली हवेत तसे गोल्डफिश, एंजल, टायगर बार्ब, गुरामी, फायटर आणि थोडे निऑनही हवेत. काचेत रंग दिसले नाहीत तर गिऱ्हाईक आत शिरत नाही. ते सगळं एका मागणीत कोलकाताच देतं. मोलीच्या पिशव्या मागणीतून वगळल्या तर खोकं काहीसं रिकामं येतं आणि रेल्वेचं भाडं, रिक्षा, हमाल यांचा सगळा खर्च उरलेल्या पिशव्यांवर बसतो. निऑन आणखी महाग होतो. म्हणून गावातल्या मोलीवाल्याला दुकानदार अजूनही हावड्याचाच भाव सांगतो, आणि तेवढ्या भावात मोलीवाल्याचं खाद्यसुद्धा सुटत नाही.